घशाचे खाडे

“ताई, ती घशाची पट्टी द्या, तीनवाली.”

बाजाराच्या दिवशी हे वाक्य मी सकाळपासून दुकानाचं शटर ओढेपर्यंत ऐकते. कराडात माझं औषधांचं दुकान आहे. पाटीवर ‘मेडिकल’ लिहिलंय म्हणून आत निम्मा डॉक्टर बसलाय अशी लोकांची समजूत असते. गोळीचं नाव कुणाला ठाऊक नसतं, खोक्याचा रंग ठाऊक असतो आणि मागच्या खेपेला ‘तिनात गुण आला’ एवढं आठवत असतं. ही तीनची पट्टी म्हणजे अ‍ॅझिथ्रोमायसिन 500. चिठ्ठीशिवाय ती द्यायची नाही असा कायदा आहे; पट्टीवर उभी लाल रेघ असते ती त्याचीच खूण. मी नाही म्हटलं की गिऱ्हाईक तोंड वाकडं करून चार दुकानं पलीकडे जातं. जाऊ दे.

काही अँटिबायोटिकं याहून कडक यादीत आहेत. सेफिक्झिम, सेफपोडॉक्झिम वगैरे औषधं ‘एच-वन’ यादीत येतात आणि 2014 पासून त्यांचं वेगळं रजिस्टर ठेवावं लागतं. डॉक्टरांचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध कोणतं, किती दिलं. तीन वर्षं ते जपून ठेवायचं. रजिस्टर असतं इन्स्पेक्टरसाठी, पण दुपारच्या निवांत वेळी मागची पानं चाळली की मला त्यात एक गोष्ट दिसते, जी चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांपैकी एकालाही दिसत नाही. एकच पोरगं जूनमध्ये गल्लीतल्या डॉक्टरांकडे, ऑगस्टमध्ये मामाच्या गावी, दिवाळी झाल्यावर शहरातल्या बालरोगतज्ज्ञांकडे. तिघांनीही त्या-त्या दिवशी समोर दिसलं त्यावर औषध दिलं. पण सारखा-सारखा दुखणारा घसा म्हणून ते पोरगं कुणापुढे गेलंच नाही. दरवेळी एक सुटं दुखणं गेलं, सुटी गोळी मिळाली.

माझ्या धाकट्या जावेचा मुलगा असाच. तिसरीत होता तेव्हाची गोष्ट. “ताई, महिना काही सुना जात नाही, ह्याचा घसा आहेच,” असं जाऊ म्हणायची. दीर म्हणायचे, एकदाच्या गाठी काढून टाकू. सासूबाईंचं म्हणणं, गाठी काढल्या की पोर कायमचं नाजूक होतं. गावाकडून निरोप आला की घशात बोट घालून गाठी दाबून देणारा एक माणूस आहे, हात चांगला आहे त्याचा. या शेवटच्या सल्ल्यावर मी घरात आवाज चढवला. सुजलेल्या, पू झालेल्या टॉन्सिलवर कुणाचं तरी बोट! काय बोलावं?

कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जायचं ठरलं, पण लगेच नाही. त्याआधी मी जावेला म्हटलं, कालनिर्णयवर दुधाचे खाडे मांडतेस ना, त्याच चौकोनात घशाचेही मांड. पेन्सिलीनं. ताप आला तर ‘ता’ आणि पुढे आकडा. खोकला असला तर ‘ख’. नाक वाहत असलं तर ‘ना’. बॅटरी धरून बघितल्यावर गाठींवर पांढरे ठिपके दिसले तर ‘ठि’. शाळा बुडली तर चौकोनाला गोल. औषध दिलं त्याचं नाव मागच्या पानावर. जाऊ हसली, पण हिशेबाला पक्की आहे. मांडत गेली.

हीच अक्षरं का, त्यालाही कारण आहे. घसा दुखण्याची बहुतेक प्रकरणं विषाणूंची असतात, म्हणजे सर्दीचीच भावंडं. त्यांवर अँटिबायोटिक चालत नाही. आठवडाभरात ती आपोआप जातात, मग गोळी घ्या नाहीतर नका घेऊ. ‘तिनात गुण आला’ त्यातलं बरंचसं श्रेय त्या तीन दिवसांचं असतं. जिवाणूंमुळे येणाऱ्या घशात मुख्य आरोपी एकच, ‘अ’ गटातला स्ट्रेप्टोकॉकस. घसा दुखतो म्हणून आलेल्या दहा मुलांत तो साधारण दोघा-तिघांत सापडतो, मोठ्या माणसांत तर दहात एखाद्याकडे. तो ओळखायचा कसा? अमेरिकेतले डॉक्टर रॉबर्ट सेंटर यांनी 1981 साली मोठ्या माणसांसाठी चार साध्या खुणा मांडल्या: ताप, टॉन्सिलवर पांढरा थर किंवा ठिपके, जबड्याखाली मानेच्या पुढच्या बाजूला दुखऱ्या गाठी, आणि खोकला नसणे. पुढे 1998 मध्ये कॅनडाच्या वॉरन मॅकआयझॅक यांनी त्यात वयाची भर घातली, कारण हा जंतू पाच ते पंधरा या वयात जास्त सापडतो. खोकला नसणं ही खूण मला फार आवडते. आपल्याकडे खोकला जितका जोरात, तितकं औषध जोरदार मागतात. इथे खोकला आणि वाहतं नाक असेल तर उलट अँटिबायोटिकची शक्यता मागे पडते.

खुणांवरून शंका आली तर घशाचा स्वॅब घेतात. कापसाची काडी टॉन्सिलवरून फिरवायची आणि प्रयोगशाळेत जंतू वाढतो का बघायचं. त्याला एक-दोन दिवस लागतात. काही ठिकाणी मिनिटांत निकाल देणारी किटही मिळते. आपल्याकडे मात्र स्वॅबऐवजी रक्ताची एएसओ तपासणीच जास्त होते आणि तिच्यामुळे घराघरांत घबराट माजते. आकडा जरा वाढलेला दिसला की आईच्या डोळ्यांना धार लागते, पोराचं हृदय आता जाणार म्हणून. एएसओ एवढंच सांगतं की गेल्या काही आठवड्या-महिन्यांत शरीराची या जंतूशी गाठ पडली होती. आज घसा कशानं दुखतोय हे त्यातून कळत नाही. शाळेत जाणाऱ्या, गर्दीत वाढणाऱ्या मुलांमध्ये तो आकडा थोडाफार वर असणं नवलाचं नाही. नुसत्या त्या कागदावर दर तीन आठवड्यांची पेनिसिलिनची इंजेक्शनं सुरू झालेली मुलं माझ्या काउंटरवर येतात. त्यांच्या आयांना मी एवढंच सांगते की हृदयाच्या डॉक्टरांना एकदा दाखवा आणि इंजेक्शन का चाललंय ते स्पष्ट विचारा.

कारण ते इंजेक्शन ज्याच्यासाठी आहे तो आजार खरा आहे आणि आपल्या देशात अजून गेलेला नाही. स्ट्रेपचा घसा अंगावर काढला तर दोन-तीन आठवड्यांनी काही मुलांना संधिवाताचा ताप येतो. आज गुडघा सुजतो, तो ओसरतोय तोवर घोटा. सांधे बरे होतात, हृदयाच्या झडपांना झालेली इजा मात्र राहू शकते. ज्यांना हा ताप खरोखर येऊन गेला त्यांनी ती इंजेक्शनं वर्षानुवर्षं चुकवायची नाहीत. आणि तो येऊच नये म्हणून स्ट्रेपच्या घशाला पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिनचा पूर्ण दहा दिवसांचा कोर्स असतो. दुखणं सुरू झाल्यापासून नऊ दिवसांत औषध चालू झालं तरी हा धोका टाळता येतो, म्हणजे स्वॅबच्या निकालासाठी एक-दोन दिवस थांबल्यानं काही बिघडत नाही. गंमत बघा, इतक्या वर्षांत कितीतरी जंतूंनी कितीतरी औषधांना दाद देणं सोडलं, पण हा जंतू पेनिसिलिनला अजून शरण आहे. अ‍ॅझिथ्रोमायसिनला मात्र त्यातले काही पुरून उरतात. तरी गिऱ्हाइकाला हवी असते तीनचीच पट्टी, दहा दिवस गोळ्या कोण गिळणार? चौथ्या दिवशी ताप उतरला की उरलेल्या गोळ्या देव्हाऱ्याशेजारच्या डब्यात जातात आणि पुढच्या खेपेला त्यातल्याच दोन काढून दिल्या जातात.

असो, कालनिर्णय. वर्षाच्या शेवटी जाऊ सगळी पानं गुंडाळी करून पिशवीत घालून निघाली, मी सोबतीला. डॉक्टरांनी नळकांडं उलगडलं आणि पोराला खुर्चीत बसवायच्या आधी पानं पालथी घालायला घेतली. पेन्सिल मागून ते काही चौकोनांवर फुली मारत गेले. ‘ख’ आणि ‘ना’ असलेल्या सगळ्या चौकोनांवर फुली. ठिपके नाहीत, ताप नव्व्याण्णवच्या आसपास, त्यावरही फुली. शेवटी उरले ते फार थोडे. “दर महिन्याला घसा” म्हणणारी आमची जाऊ त्या पानांकडे बघतच राहिली.

यामागे एक जुना अभ्यास आहे. पिट्सबर्गचे डॉक्टर जॅक पॅरडाइज यांनी 1978 मध्ये अशी 65 मुलं घेतली ज्यांच्या घरच्यांच्या सांगण्यावरून त्यांना घशाचा भयंकर त्रास होता, पण त्याची नोंद कुठे नव्हती. मग त्या मुलांवर नीट लक्ष ठेवून प्रत्येक दुखणं लिहिलं. सांगितलं होतं तितका त्रास प्रत्यक्षात निघाला फक्त 11 जणांना. आईबाप खोटं बोलत होते असं नाही. पोर रात्रभर कण्हत असलं की तो ऑगस्ट आणि हा सप्टेंबर मनात एक होऊन जातात. याच पॅरडाइज यांच्या 1984 च्या अभ्यासातली फूटपट्टी आजही जगभरचे तज्ज्ञ टॉन्सिल काढायचे की नाही हे ठरवताना वापरतात: एका वर्षात सात वेळा, किंवा सलग दोन वर्षं दरवर्षी पाच वेळा, किंवा सलग तीन वर्षं दरवर्षी तीन वेळा. आणि त्यातली प्रत्येक वेळ धरायची तर घसा दुखण्यासोबत 101 फॅरनहाइटच्या वरचा ताप, मानेच्या सुजलेल्या गाठी, टॉन्सिलवर पू किंवा स्वॅबमध्ये स्ट्रेप, यांपैकी निदान एक तरी हवं, तेही डॉक्टरांनी बघून लिहिलेलं. याहून कमी असेल तर सहसा थांबून बघतात, कारण वय वाढतं तसा बऱ्याच मुलांचा घसा आपोआप सुधारतो.

नोंदीचा आणखी एक फायदा त्या डॉक्टरांनी सांगितला. काही लहान मुलांना, बहुधा पाच वर्षांच्या आतल्या, तारीख ठरवून आल्यासारखा तीन ते सहा आठवड्यांनी ताप येतो. घसा लाल, तोंडात फोड, मानेला गाठी. चार-पाच दिवसांत पोर टुणटुणीत. स्वॅबमध्ये काही सापडत नाही, अँटिबायोटिकचा उपयोग होत नाही. हा संसर्ग नव्हेच, शरीराच्या प्रतिकारयंत्रणेतलाच एक घोटाळा आहे, त्याचे उपचार वेगळे. कॅलेंडर नसेल तर तो पकडणार कसा?

मग तपासणी. मला वाटलं होतं ‘आ कर’ म्हणतील आणि संपलं. तसं झालं नाही. कपाळावरचा दिवा लावून आधी दोन्ही कान बघितले, पडद्यामागे पाणी साठलंय का ते. मग नाक. मग पोराच्या मागे उभं राहून दोन्ही हातांनी मान चाचपली. घसा सगळ्यात शेवटी. “रात्री तोंड उघडं ठेवून झोपतो?” जाऊ म्हणाली, “घोरतो पण. बापावर गेलाय.” डॉक्टर हसले आणि मानेचा बाजूनं एक्स-रे काढायला सांगितला. नाकाच्या मागे, टाळूच्या वर अ‍ॅडेनॉइड नावाचा टॉन्सिलसारखाच मऊ गोळा असतो. तो वाढला की नाक चोंदतं, पोर तोंडानं श्वास घेतं, कोरडी धुळकट हवा थेट घशावर. आमच्या पोराचं दुखणं तिथं होतं, जोडीला धुळीची अ‍ॅलर्जी. टॉन्सिल मोठे होते पण निर्दोष. लहानपणी टॉन्सिल मोठे असतातच, नुसत्या आकारावरून काही ठरत नाही. ऑपरेशन टळलं, नाकात मारायचा स्प्रे मिळाला, तीन महिन्यांनी या म्हणाले.

शेजारच्या मुलीचं उलटं झालं. तिच्या आईनं आमचं बघून फाइल ठेवायला सुरुवात केली. तिची नोंद फूटपट्टीच्या पार पुढे गेली, परीक्षा बुडायला लागल्या, आणि तिचे टॉन्सिल काढले. पूर्ण भूल देऊन करतात, तोंडातूनच, बाहेर टाका दिसत नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या घशात पांढरट थर बघून आई पळत दुकानात आली, पू झाला म्हणून. तो पू नसतो, जखम भरतानाची खपली असते. कान दुखायला लागले तेव्हा परत आली. घशाची आणि कानाची नस एकच, म्हणून कान ठणकतो. दुखण्याची गोळी वेळच्या वेळी द्यायची, ‘रडली तर देऊ’ करायचं नाही, कारण दुखलं की मूल पाणी पीत नाही आणि पाणी न प्यायलं की जास्त दुखतं. खरी नजर ठेवायची ती पाचव्या ते दहाव्या दिवसात, तेव्हा खपली सुटताना रक्त येऊ शकतं. झोपेत मूल सारखं काहीतरी गिळतंय असं वाटलं तरी दिवा लावून घसा बघायचा. रक्त दिसलं तर ‘सकाळी बघू’ नाही, सरळ दवाखाना. आणि सासूबाईंच्या शंकेचं उत्तर: घशात, जिभेच्या मुळाशी, नाकामागे तशाच पेशींचा आख्खा गराडा असतो, दोन गाठी गेल्यानं मूल नाजूक होत नाही.

मोठ्या माणसांनाही ऑपरेशनचा उपयोग होतो. ब्रिटनमधल्या 27 रुग्णालयांत 453 प्रौढांवर झालेला अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. दोन वर्षांत टॉन्सिल काढलेल्यांचा घसा मध्यमानानं 23 दिवस दुखला, न काढलेल्यांचा 30 दिवस. ऑपरेशननंतरचं दुखणं धरूनसुद्धा. फरक आहे, पण जादू नाही, असं माझं मत.

पण मोठ्यांच्या घशात बऱ्याचदा संसर्ग नसतोच. आमच्या एक शिक्षिका गिऱ्हाईक आहेत. सकाळी घसा खवखवतो, सारखं खाकरावं लागतं, घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं, आवाज बसतो. कधीच ताप नाही. वर्षभर अँटिबायोटिकच्या पट्ट्या झाल्या. दुर्बिणीतून स्वरयंत्र बघितल्यावर कळलं, पोटातलं आम्ल वर येतंय. छातीत जळजळ न होताही असं होतं. रात्री साडेदहाला जेवून अकराला आडवं व्हायची सवय मोडल्यावर निम्मं काम झालं. दुसऱ्या एका गृहस्थांचा घसा एकाच बाजूला, कानापर्यंत दुखायचा. कानाखालचं सुईसारखं हाड वाजवीपेक्षा लांब निघालं.

एका बाजूवरून आठवलं. तंबाखू, मिश्री, विडी यांतलं काही असेल आणि एकच टॉन्सिल मोठा वाटत असेल, गिळताना एकाच बाजूला दुखत असेल, आवाज तीन आठवड्यांच्या वर बसलेला असेल किंवा मानेत न दुखणारी गाठ हाताला लागत असेल, तर चिठ्ठी असली तरी पट्टी हातात ठेवताना मी विचारते, घशाच्या डॉक्टरांना दाखवलंत का? लोकांना राग येतो. येऊ दे. कर्करोग लवकर सापडला तर बरा होतो.

आणि काही घसे माझ्या काउंटरवर थांबायलाच नकोत. तोंड उघडत नाही, गरम घास तोंडात धरून बोलल्यासारखा आवाज, एका बाजूला असह्य ठणका: टॉन्सिलमागे पू साठलेला असतो, तो सुईनं किंवा चिरा देऊन काढावा लागतो. थुंकीसुद्धा गिळवेना आणि लाळ गळतेय, श्वास घेताना आवाज येतोय. घशात करडा चिवट पडदा आणि मान सुजलेली, म्हणजे घटसर्प असू शकतो. तो इतिहासजमा झालेला नाही. दहाव्या आणि सोळाव्या वर्षीची टीडी लस बहुतेक घरांत राहूनच जाते. शाळेत लस टोचायला येतात त्या दिवशी पोरं घरी ठेवू नका. जिल्हा रुग्णालयात कान-नाक-घशाची ओपीडी असते. पैशासाठी अडून बसायची गरज नाही.

साध्या घशाला मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, वजनानुसार पॅरासिटामॉल आणि विश्रांती. मध चालतो, वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र बोटभरही नाही.

आता स्प्रे. आमच्या पोराला तो दिला आणि पंधरा दिवसांनी जाऊ म्हणाली, काही फरक नाही, शिवाय कडू लागतो म्हणून हा मारूनच घेत नाही. मी म्हटलं, माझ्यासमोर मार. तिनं त्याचं डोकं मागे वाकवलं आणि बाटली सरळ वर धरून दाबली. सगळेच असं करतात. मान किंचित खाली, उजव्या नाकपुडीला डावा हात, डावीला उजवा, टोक मधल्या पडद्याकडे नाही, बाहेर कानाच्या दिशेला. दाबताना हलका श्वास, सूं करून ओढायचं नाही. त्याच्याकडूनच करवून घेतलं.

“कडू लागलं का?”

“नाही, मोठी आई.”

“लागलं तर समज, घशात गेलं. मान खाली.”